लाल दोरा पाहुण्यांसाठी

बंगळूर,
२९ डिसेंबर १९८६

सौ. वच्छलावहिनीस,

आशाचा नमस्कार. तू बांधून दिलेली धपाटी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पुरली. आगगाडीच्या डब्यातल्या एका तेलुगू बाईंनी दोन खाल्ली आणि लसणाच्या चटणीवर इतक्या खूश झाल्या की उतरताना तुझा पत्ता मागत होत्या. मी दिला नाही. उगाच तुझी मागणी वाढायची.

सोबत एक पुस्तिका पाठवते आहे. पीएचडी झाल्यावर इथं राहून संशोधन करणारे आम्ही जे फेलो आहोत, त्या सगळ्यांचे फोटो आणि प्रत्येकाच्या अभ्यासाचा विषय त्यात छापला आहे. इंग्रजीत आहे, म्हणून सांगते. चष्मेवाला बंगाली आहे ना, तो वाळूचा ढीग किती उंच झाला की घसरतो ते बघतो. जाड वेणीची मुलगी लोखंडाच्या गंजावर काम करते. केरळचा मुलगा बेडकांचं ओरडणं टेप करतो आणि कोणता बेडूक कोणाला उत्तर देतो ते शोधतो. दाढीवाला म्हातारे तारे कसे मरतात त्यावर. आणि बेडूक आणि ताऱ्यांच्या मधल्या पानावर, फोटोत चोरासारखी दिसणारी, तुझी नणंद. विषय : पाणी नसताना उशिरापर्यंत हिरवी राहणारी ज्वारी.

मार्चअखेर माझी फेलोशिप संपते. संस्थेच्या शेतातला माझा प्रयोग यंदा अवकाळी पावसानं वाया गेला, हे तुला सांगितलं आहेच. आता माझी सारी भिस्त पाचोडच्या आपल्या बरड तुकड्यावर. तिथं पावसानं अशी दांडी मारली आहे की मला हवी तशी परीक्षा आयतीच होते आहे. कडूबाकाकांना राग येईल, पण यंदा पाऊस नाही याचा आनंद झालेली पाचोडात मी एकटीच असेन.

आता एक निरोप. दादा शनिवारी पाचोडला जाईल तेव्हा आईला आणि काकांना नीट सांगायला सांग. कागदी टोपडं घातलेली कणसं बियाण्यासाठी. लाल दोरा बांधलेली पाहुण्यांसाठी. फेब्रुवारीच्या सुमारास पाहुणे येतील. ते बघून ठरवतील, आणि माझं पुढचं सगळं त्यांच्या पसंतीवर आहे. तेवढं सांभाळा.

तुझा विषय काय लिहू, वहिनी, पुस्तिकेत छापायचा झाला तर?

आशा


उस्मानपुरा, औरंगाबाद,
९ जानेवारी १९८७

आशावन्सं यांस,

वच्छलाचा नमस्कार. पत्र लिहिण्यास कारण असं की तुमचं पत्र वाचून घरात जो आनंद झाला तो कुणाला तरी सांगायला हवा, आणि तुमच्याशिवाय आहे कोण.

पुस्तिका आळीतल्या बायकांना दाखवली. वाळू कशी घसरते हे बघायला एवढा शिकलेला माणूस ठेवलाय, यावर कुणाचा विश्वास बसेना. आमची पोरं बांधकामाच्या वाळूवर दिवसभर तेच करतात आणि वर मार खातात. बेडकांचं मात्र सगळ्यांना पटलं. बेडूक काय, माणूस काय, कोण कुणाला उत्तर देतं हे कळलं तर निम्मी भांडणं मिटतील. फोटोत तुम्ही चोरासारख्या दिसत नाही, उपाशी दिसता.

तुमचा निरोप यांनी पाचोडला जसाच्या तसा सांगितला. टोपड्याची बियाण्याला, लाल दोऱ्याची पाहुण्यांना. पाहुणे हा शब्द तुमच्याकडून आला म्हटल्यावर आत्याबाईंनी देवापुढं साखर ठेवली. एकदा नाही, तीनदा विचारलं यांना, "आशीनं सोता लिव्हलंय?" यांनी पत्रच वाचून दाखवलं, तेव्हा डोळे पुसले. तुम्ही काही काळजी करू नका. पाहुण्यांचं सगळं आम्ही बघतो. साडी कोणती नेसणार तेवढं कळवा. ती मोरपंखी मला आवडते.

माझा विषय छापायचाच असेल तर ‘नणंद’ असा छापा. बारा वर्षं अभ्यास चालू आहे, अजून काही हाती लागलेलं नाही.

तुमची वहिनी,
वच्छला


बंगळूर,
१७ जानेवारी १९८७

वहिनी,

आईनं साखर ठेवली हे वाचून मला भरून आलं. माझ्या कामात तिला एवढी गोडी असेल असं वाटलं नव्हतं. पीएचडी झाले तेव्हा तिनं फक्त ‘आता तरी झालं का’ एवढंच विचारलं होतं.

साडीचं काय घेऊन बसलीस? पाहुणे माझ्याकडे ढुंकूनही बघणार नाहीत. त्यांचं लक्ष पानांवर. तिघे आहेत. दोघे बोलायला बरे आहेत, पण तिसरे म्हातारबुवा फार चिकित्सक. बघताक्षणी नापसंत म्हणायचं, यात त्यांचा हातखंडा. मागच्या वर्षी आमच्यातल्या एकीला त्यांनी पाच मिनिटांत नकार दिला, ती अजून सावरली नाही. मी बाहेरून ताठ दिसते, पण आतून पार घाबरलेली आहे, हे तुलाच सांगते. एवढी वर्षं जे केलं ते कुणीतरी बघावं आणि बरं आहे म्हणावं, एवढीच इच्छा आहे. त्यांनी नाही म्हटलं तर बियाणं कपाटात बंद होईल आणि मी बॅग भरीन.

दाणे कसे भरतायत ते कळव. तुला वेळ नसेल तर काकांना विचार.

आशा


उस्मानपुरा,
२७ जानेवारी १९८७

आशावन्सं,

आधी पेढा खा, मग वाचा. पेढा नसेल तर साखरेचा डबा जवळ घ्या.

रविवारी पाहुणे येऊन गेले. तुम्ही फेब्रुवारी लिहिलं होतं, पण चांगल्या कामाला महिनाभर कशाला थांबायचं, म्हणून यांनीच विहामांडव्याला निरोप धाडला. आधी थोरांनी घर-रान बघून जावं, मग पोरगी यावी, ही रीतच आहे. दिवाळीपासून ज्या रामकिसनरावांचं नाव तुम्ही काढू देत नव्हता, त्यांच्याच मुलासाठी तुम्ही ज्वारीच्या आडून होकार कळवलात. एवढ्या लाजाल असं मला वाटलं नव्हतं. तुम्ही लिहिलेले चिकित्सक म्हातारबुवा म्हणजे तेच, हे मी लगेच ओळखलं. पण तुम्हाला वाटतात तेवढे कडक नाहीत ते.

आता ऐका गंमत. पाहुण्यांना हुरडा द्यायचा ठरलं आणि कडूबाकाकांनी कपाळाला हात लावला. यंदा पाणी नाही, त्यामुळं सगळ्या शिवारातली ज्वारी वेळेआधीच वाळलेली, दाणा पोचट आणि कडक. हुरड्याचे दिवस केव्हाच सरलेले. मग आत्याबाईंना तुमचा निरोप आठवला. जाऊन बघतात तर खरंच, लाल दोऱ्याची तेवढी कणसं कवळी, चिमटीत धरली तर दूध निघतंय. अख्ख्या रानात फक्त तीच. काका म्हणाले, पोरीनं पाहुण्यांसाठी मुद्दाम राखून ठेवली, हिला म्हणतात शिक्षण.

आगटी पेटवली, गोवऱ्यांवर कणसं भाजली, लसणाची चटणी आणि गूळ. रामकिसनरावांनी पहिला घास घेतला आणि खाता खाता थांबले. म्हणाले, "या दिवसांत असला हुरडा? आमच्याकडं तर दात पडायची पाळी आलीया." मग खातच राहिले. लाल दोऱ्याचं एक कणीस उरलं नाही. निघताना म्हणाले, पसंत आहे.

टोपड्याच्या कणसांना कुणी हात लावला नाही. आत्याबाईंना त्यांची भीतीच वाटते. कणसं खुडल्यावर ती धाटं नुसती उभी आहेत, मोठी रसरशीत. पुढच्या आठवड्यात कापून बैलांना घालू असं काका म्हणतायत. वैरणीची टंचाई आहे, तुमच्या ज्वारीनं तीही भागवली.

मोरपंखीच नेसा.

वच्छला


तार
बंगळूर, २ फेब्रुवारी १९८७

धाटे कापू नका. काहीही झाले तरी धाटे कापू नका. पत्र येते. आशा


बंगळूर,
२ फेब्रुवारी १९८७

वहिनी,

तार करून आत्ताच आले. वेळेत पोचली असेल तर हे पत्र सावकाश वाच. पोचली नसेल तर वाचू नकोस.

पाहुणे म्हणजे रामकिसनराव नव्हेत. माझे पाहुणे म्हणजे संस्थेनं नेमलेले तीन शास्त्रज्ञ. माझं काम बघून ते ठरवणार की फेलोशिप पुढे चालू ठेवायची की नाही. इथं त्यांना व्हिजिटर म्हणतात. मी हौसेनं त्याचं शुद्ध मराठी केलं आणि शुद्ध मराठीनं माझा घात केला. लाल दोरे होते ते त्यांना दाखवायच्या धाटांना. तुम्ही माझा वर्षभराचा प्रयोग चटणीला लावून खाल्लात.

तुझं पत्र वाचलं आणि पहिल्यांदा मी रडले. मग चिडले. दादावर, आईवर, तुझ्यावर, त्या मोरपंखी साडीवरसुद्धा. जाड वेणीवालीनं पाणी आणून दिलं आणि कोण गेलं म्हणून विचारलं. तिला मराठी पत्राचा अर्थ इंग्रजीत सांगत होते, आणि सांगता सांगता एका ओळीवर अडले. अख्ख्या रानात फक्त तीच कवळी.

वहिनी, लाल दोरे मी कुठल्याही धाटांना बांधले नव्हते. डिसेंबरात काकांची गावरान ज्वारी ज्या दिवसांत फुलावर आली, त्याच दिवसांत फुललेली माझी धाटं शोधून त्यांनाच बांधले होते. दोघींचं वय सारखं. जमीन तीच, पाणी नाहीच. तरी रविवारी काकांची ज्वारी वाळून कडक झालेली होती आणि माझी अजून दुधात होती. म्हणजे तिची पानं अजून काम करत होती, दाणा भरत होता. हेच तर मला दाखवायचं होतं. मी वजनं करून, आकडे मांडून जे सिद्ध करणार होते, ते तुमच्या पाहुण्यांनी चघळून सिद्ध केलं.

दाण्याच्या वजनाला टोपड्यातली कणसं आहेत. थोडी आहेत, पण आहेत. मात्र पुरावा उभा आहे तो धाटांत. वाळलेल्या रानात ती हिरवी उभी दिसली पाहिजेत, म्हातारबुवांना त्यांच्या डोळ्यांनी. ती बैलांनी खाल्ली तर माझ्याकडे सांगायला फक्त हुरड्याची गोष्ट उरते, आणि गोष्टीवर फेलोशिप मिळत नाही.

विहामांडव्याच्या लोकांना नाही म्हणून कळवा. माणसं वाईट नसतील. पण मी होकार दिलाच नव्हता, आणि न दिलेला होकार मी पाळणार नाही.

आशा


उस्मानपुरा,
९ फेब्रुवारी १९८७

आशावन्सं,

तार गेल्या मंगळवारी दुपारी आली. हे भोकरदनला दौऱ्यावर. तार म्हटल्यावर आधी आत्याबाईंचाच चेहरा डोळ्यांपुढं आला. वाचली आणि काही म्हणता काही कळेना. धाटं? पण दोनदा लिहिलं होतं, आणि तारेत शब्द वाया घालवणाऱ्यांतल्या तुम्ही नाही. पोराला शेजारी सोपवलं आणि निघाले. क्रांती चौकात रिक्षा मिळेना, तशीच चालत स्टँड गाठलं. पाचोडला एकटी एसटीनं मी लग्नानंतर पहिल्यांदाच गेले.

रानात पोचले तर काका विळा घेऊन उभे. बांधाकडची एक ओळ बैलांच्या पुढ्यात पडलेली. चुलत सासऱ्यासमोर मी आजवर मान वर केली नाही, तुम्हाला ठाऊक आहे. पण माझं मलाच कळलं नाही, मी बैलांच्या आणि धाटांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"मामंजी, विळा खाली ठेवा. तार आलीय."

"तार? कोण गेलं?"

"कुणी नाय गेलं. ज्वारी जगलीय, ती मारू नका."

 काकांनी विळा ठेवला. मग आत्याबाई आल्या, त्यांना तार वाचून दाखवली, त्यांनाही अर्थ लागेना, पण आशीनं दोनदा सांगितलंय म्हटल्यावर त्या बैल सोडून लांब बांधून आल्या. अर्थ शुक्रवारी तुमचं पत्र आल्यावर लागला, शनिवारी यांनी ते पाचोडला वाचून दाखवलं. ओळ एकच गेली. बाकी सगळी धाटं उभी आहेत, मुंडकी नसलेली, पण हिरवीगार. काका आता रोज स्वतः राखणीला जातात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की ही कापायची नाहीत, बंगळूरहून मनाई हुकूम आलाय.

पत्र वाचून मला रडू आलं, वन्सं. तुम्ही एवढ्या घाबरलेल्या होता, मला लिहिलंतही, आणि मी त्यात नवरी शोधत बसले. आत्याबाई दोन दिवस जेवल्या नीट नाहीत. काल यांना म्हणाल्या, "पाव्हणे कोण का असंनात, पोरीला कुणीतरी बरं म्हणावं एवढंच मला पायजे होतं." तुम्ही पत्रात तेच लिहिलं होतं. दोघींचं म्हणणं एकच, फक्त पाहुणे वेगळे.

विहामांडव्याला मीच यांच्यासोबत जाऊन सांगते. माझ्या अभ्यासाचा विषय आहे, निस्तरायला मलाच हवा.

वच्छला


बंगळूर,
२२ फेब्रुवारी १९८७

वहिनी,

शास्त्रज्ञांना पाचोडला आणलं, नेमका त्याच वेळी पोराला गोवर निघाला आणि तू येऊ शकली नाहीस. जीपमधून सगळ्यांना घेऊन आले आणि तशीच परत गेले, तुझ्या दारावरून. म्हणून सगळं लिहिते.

पाचोडला पोचलो तेव्हा भर दुपार. वाटेतलं सगळं शिवार वाळून पांढरं पडलेलं.  आपल्या तुकड्याशी उतरलो आणि बघते तर वाळलेल्या ज्वारीच्या मधे माझ्या ओळी हिरव्या. पानांना पिवळेपणा होता, खोटं कशाला बोलू, पण हिरव्या. म्हातारबुवा सरळ आत शिरले. पान हातात घेतलं, धाट मोडून चावून बघितलं, रस थुंकला, पुन्हा चावलं. मग मला विचारलं की यांची कणसं कुठे आहेत.

मी खरं ते सांगितलं. मराठी शब्द आडवा आला, लग्नाचे पाहुणे आले, हुरडा झाला. दोघे हसायला लागले. म्हातारबुवा हसले नाहीत. तारीख विचारली. मी सांगितली. फुलाची तारीख विचारली. तीही सांगितली. त्यांनी खिशातल्या कागदावर काहीतरी मांडलं आणि काकांकडे वळून हिंदीत विचारलं की त्या दिवशी खरंच दूध निघत होतं का. काकांनी छाती काढून सांगितलं, "साहेब, मी सोता सोळा कणसं खाल्लीत. साक्ष पायजे तर पोट हाये." मला ते इंग्रजीत सांगावं लागलं. तेव्हा म्हातारबुवा हसले.

आईनं सगळ्यांना भाकरी आणि पिठलं वाढलं. म्हातारबुवांच्या ताटात दुसरी भाकरी टाकताना तिनं मला बाजूला विचारलं, हेच का ते नापसंतवाले? मी हो म्हटलं. तिनं तिसरीही टाकली.

काल निकाल आला. फेलोशिप दोन वर्षांनी वाढली. बियाणं कपाटात जाणार नाही, रानात जाणार. शेऱ्यात म्हातारबुवांनी स्वतःच्या हातानं ‘असामान्य’ असा शब्द लिहिला आहे. मी तो कितीदा वाचला ते सांगणार नाही. बंगाल्यानं माझ्या नावानं खोलीत नाच केला, आणि केरळच्या मुलानं बेडकांची टेप मोठ्यानं लावली. मी जिंकले, वहिनी. तू बैलांपुढे उभी राहिलीस म्हणून जिंकले.

एक अट आहे. पुढच्या हंगामात प्रयोग परक्या शेतकऱ्याच्या रानात झाला पाहिजे. सख्ख्या भावाचं, मामाचं, कुठलंही नात्यातलं रान चालणार नाही. आपली माणसं माझ्यासाठी चोरून पाणी देतील अशी त्यांना शंका आहे, आणि आईला बघितल्यावर मलाही आहे. रान बरड हवं आणि मालकाला आपणहून हौस हवी. असा माणूस मी बंगळुरात बसून कुठून आणू? पैठण तालुक्यात निम्मे लोक आपले सोयरे आणि उरलेले होऊ घातलेले.

आशा


उस्मानपुरा,
५ मार्च १९८७

आशावन्सं यांस,

आधी असामान्य नणंदेला सामान्य वहिनीचा नमस्कार. तो शब्द आत्याबाईंना सांगितला. त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. म्हणाल्या, हे तर मला ती चालायला लागली तेव्हाच ठाऊक होतं. म्हातारबुवांना त्या आता आपलाच माणूस समजतात.

आता मुख्य. काल संध्याकाळी दार वाजलं. उघडते तर विहामांडव्याचे रामकिसनराव. मागच्या महिन्यात आम्ही दोघं त्यांच्या घरी जाऊन नकार सांगून आलो होतो. झालेला घोटाळा जसाच्या तसा सांगितला होता. त्यांनी तेव्हा ऐकून घेतलं, वर चहा पाजला होता. आता भांडायलाच आले असणार असं वाटून मी यांना हाक मारली.

बसले. पाणी प्याले. टोपी गुडघ्यावर ठेवली. हे नुसते हवापाण्याचं बोलतायत. शेवटी ते म्हणाले, "पोरगी नाय तर नाय, तिची मर्जी. आमच्या पोराला दुसरं स्थळ आलंय. पण तो हुरडा काय जिभेवरून जाईना. माझं समदं रान बरड हाये, यंदा हाती काय लागलं नाय. तेवढं बियाणं द्या."

यांनी गडबडीनं होकार द्यायला तोंड उघडलं होतं. मी मधेच विचारलं, रामकिसनराव, आपलं काही नातं लागतं का? लांबचं, जवळचं, मामाकडून, मावशीकडून? त्यांना वाटलं मी टोमणा मारते. बिचारे ओशाळले. म्हणाले, लागणार होतं, पण तुम्हीच नको म्हणालात. मी पुन्हा विचारलं, म्हणजे या घडीला तुम्ही आमचे कुणी नाही? ते म्हणाले, कुणीच नाही.

वन्सं, मी आत जाऊन साखर आणली आणि त्यांच्या हातावर ठेवली. माणूस बघतच राहिला. तुमच्या म्हातारबुवांना हवा तसा परका माणूस, बरड रान, आणि हौस इतकी की नकार पचवून वीस-पंचवीस कोसांवरून मागायला आला. मागच्या महिन्यात तुम्ही हो म्हणाला असता तर ते आज व्याही झाले असते आणि त्यांचं रान बाद झालं असतं. सोयरीक मोडली म्हणून ज्वारीचं जमलं.

त्यांनी विचारलंय, बियाणं द्यायचं की नाही ते कोण ठरवणार. मी म्हटलं, मुलीकडून निरोप येईल. वाट बघतायत.

माझ्या विषयात काल पहिल्यांदा काहीतरी हाती लागलं. छापा आता.

वच्छला


तार
बंगळूर, ११ मार्च १९८७

रामकिसनरावांचे रान पसंत. दसऱ्याला बियाणे घेऊन येते. आशा